नम्रताच्या दाखल्यावरचा शेरा

रोहा, दि. ५ फेब्रुवारी १९९५

चि. सौ. शांतीस,

आशीर्वाद. ते आधीच लिहून टाकतो, कारण पुढे जे लिहायचं आहे त्यात त्यांना जागा मिळेल असं वाटत नाही.

गुरुवारी केरूराव माझ्या दारात उभे राहून जे काही बोलले ते सगळ्या आळीनं ऐकलं. एकवीस वर्षं मी या गावात मास्तरकी करतोय. माझ्या हाताखालची मुलं आज बँकेत आहेत, कंपनीत आहेत, एक तर तहसीलदार झालाय. आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यानं मला 'कसाई' म्हणावं, आणि बहिणीनं रिक्षातून उतरावं ते फक्त मुलीची ट्रंक उचलायला. चहासुद्धा न घेता गेलीस. तुझी वहिनी आधण ठेवून बसली होती.

नम्रताला मी मागायला आलो नव्हतो, शांती. जूनमध्ये तूच तिला घेऊन आलीस. याच ओटीवर बसून म्हणालीस, "दादा, पोर सातवीपर्यंत कशीबशी आली. हमरापूरला ठेवली तं कारखान्यात गनपती रंगवत बसंल. तू गुरजी हायस, तूच तिला वळन लाव." वळण लावायला सांगितलंस, मी लावायला घेतलं. पहाटे उठवलं, प्रत्येक धडा दहा वेळा लिहून घेतला, मोठ्यानं वाचायला लावलं. 'चांगल्या विद्यार्थ्याच्या बारा सवयी' हा माझा तक्ता तालुक्यातल्या किती शाळांच्या भिंतींवर आहे ते कुणालाही विचार. त्या बारांपैकी एकही तिला लागली नाही. आणि हीच मुलगी तुमच्या कारखान्यात सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मान वर न करता मूर्तींचे डोळे आखते, एकही डोळा वाकडा जात नाही, हे तूच मला कौतुकानं सांगितलंस. जिला ब्रश घेऊन आठ तास बसता येतं तिला पुस्तक घेऊन अर्धा तास बसता येत नाही, याला मी आळस म्हणतो. म्हणून ब्रश काढून घेतला. त्यात कसाईपणा कुठे आला?

लबाडीचंही ऐक. डिसेंबरात वर्गात तिला इतिहासाचा धडा वाचायला उभं केलं. पोपटासारखी वाचत सुटली. मला बरं वाटलं, म्हणून जवळ गेलो, तर पुस्तकात भलतंच पान उघडलेलं. धडा कुठला, पान कुठलं. म्हणजे इतके दिवस ही वाचायचं नुसतं सोंग करत होती. त्या दिवशी मी तिला आठवडाभर पहिलीच्या पोरांत पाटी घेऊन बसवलं. बसवलं, नाकारत नाही.

आणि मग २१ जानेवारीचा शनिवार. शाळा सुटल्यावर मला न सांगता पिशवी घेऊन स्टँडवर गेली आणि मुरूडच्या गाडीत बसली. तुमच्याकडे यायच्या वाटेवरचं पेण एका टोकाला, मुरूड दुसऱ्या. चौदा वर्षांची मुलगी, डोळे शाबूत, समोर हातभर लांब पाटी. चुकून बसली असं म्हणायला मी काय खुळा आहे? कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं तर तोंडातून शब्द काढला नाही, मुक्यासारखे पैसे पुढे केले. त्यानं बिचाऱ्यानं गाडी मुरूडची म्हणून मुरूडचं तिकीट दिलं. त्याच्या बायकोनं, धोंडुबाईनं, तिला घरात घेतलं आणि दुसऱ्या दिवशी आणून सोडलं म्हणून आज आपण भांडायला तरी मोकळे आहोत.

शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वर्गशिक्षक म्हणून मी शेरा घातला आहे: 'अभ्यासात आळशी. वर्तणूक असमाधानकारक. न सांगता पळून गेली.' तो काढा असं केरूराव ओरडून सांगत होते. तो निघणार नाही. नम्रता स्वतः त्या दिवसाबद्दल काही बोलत नाही असं म्हणतेस. बोलेल काय?

महिपती


रोहा, दि. १९ मार्च १९९५

चि. सौ. शांतीस,

तुझं पत्र मिळालं आणि सोबतची मुंबईच्या डॉक्टरीणबाईंची चिठ्ठीही. तुमच्याकडून मूर्ती नेणाऱ्या व्यापाऱ्यानं सांगितलं म्हणून तुम्ही मुलीला घेऊन मुंबई गाठलीत. सख्खा भाऊ शिक्षक, त्याचा सल्ला नको. गणपती विकणारा सांगेल ते खरं.

चिठ्ठी मी तीनदा वाचली. 'वाचन-लेखनाची अध्ययन अक्षमता. बुद्धिमत्ता सरासरीपेक्षा अधिक.' बुद्धी अधिक आणि वाचता येत नाही. उद्या म्हणतील, पाय भक्कम आहेत पण चालता येत नाही. आणि वर बाईंनी मला उपदेश केलाय: 'तिला दहा वेळा लिहायला लावू नये, वाचून दाखवावे, तोंडी विचारावे.' या बाई कधी बावन्न मुलांच्या वर्गात उभ्या राहिल्या आहेत का? एकदा का असं नाव निघालं की सोमवारी माझ्या वर्गातली वीस मुलं अक्षमता झाली म्हणून घरी बसतील, आणि त्यांचे बाप माझ्याकडे चिठ्ठ्या घेऊन येतील. अभ्यास ही सवय आहे, शांती. मी स्वतः काय होतो ते तुला माहीत आहे. भातशेतीच्या घरातला मुलगा, कंदिलाची काच पुसून अभ्यासाला बसायचा. मला कुणी चिठ्ठी दिली नाही.

एक गोष्ट मात्र लिहायला हवी, नाहीतर उद्या तू दुसरीकडून ऐकशील आणि मी लपवलं म्हणशील. घरातच फितुरी निघाली. बाईंची ती चिठ्ठी मी जेवताना मोठ्यानं वाचून टिंगल करत होतो, तर आमची ऋतुजा ताटावरून उठली. ती नम्रताच्याच वर्गात, पहिल्या नंबराची. विचारलं तर म्हणाली, इतिहासाचा तो धडा तिनंच नम्रताला स्वयंपाकघरात वाचून दाखवला होता. सगळेच धडे दाखवायची म्हणे, जूनपासून, भांडी घासता घासता.

मी म्हटलं, तिला आयतं खायला घालतेस आणि मला सांगत नाहीस? तर काय म्हणाली माहीत आहे? "बाबा, तिला एकदा वाचून दाखवलं की पुरायचं. मला तोच धडा चारदा लागतो. आणि मी पहिली येते."

मी ऋतुजावर हात उगारला. मारलं नाही. तिनं बोलणं टाकलंय, ते पंधरा दिवस झाले.

पण यावरून भलता अर्थ काढू नकोस. एकदा ऐकून धडा पाठ होणारी मुलगी दहा वेळा लिहून शिकत नाही, म्हणजे ती हट्टी आहे. माझं मत बदललेलं नाही. शेराही नाही.

महिपती


रोहा, दि. ७ मे १९९५

चि. सौ. शांतीस,

पेणच्या शाळेनं दाखला वाचून नम्रताला प्रवेश नाकारला, हे वाचून मला फार राग आला. एका ओळीच्या शेऱ्यावर मूल परत पाठवणारे हे कसले शिक्षक? मुलीला समोर बसवून दोन प्रश्न तरी विचारायचे. तू लिहितेस, 'शेरा तुझाच हाय, दादा.' आहे. म्हणून त्यांनी डोकं वापरायचं सोडून द्यायचं का?

आणि केरूराव म्हणतात जूनमध्ये शाळेत घेतलं नाही तर शिक्षण बंद, सीझन आलाच आहे, कारखान्यात हात हवेतच. यालाच मी भीत होतो. आठ महिने मी जो त्रास घेतला, आणि तिला दिला, तो ती आयुष्यभर मूर्ती रंगवत बसू नये म्हणून. तुला ती शाळेत हवी आहे, मला ती शाळेत हवी आहे, तिला स्वतःला जायचं आहे असं तू लिहितेस, आणि तिला बाहेर ठेवणारा कागद माझ्या अक्षरातला आहे. हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय.

मी मुख्याध्यापकांकडे गेलो होतो. हो, गेलो. म्हणाले, "म्हात्रे सर, दिलेला शेरा असा बदलता येत नाही. त्या दिवशी काय घडलं ते लेखी द्या, मग बघू." मी म्हटलं, विचार करतो.

आता वह्यांचं सांगतो. नम्रताच्या नऊ वह्या आमच्याकडे राहिल्या होत्या. डॉक्टरीणबाईंना पाठवाव्यात म्हणून काढल्या. हलगर्जीपणा काय असतो ते त्यांनी डोळ्यांनी बघावं, एवढाच हेतू. मुलांचा आळस मला कागदावर लांबून दिसतो. दहा वेळा लिहायला दिलं की पहिल्या दोन खेपा नीट, तिसरीला अक्षर मोठं होतं, पाचवीला ओळी गळतात, दहावी म्हणजे नुसता नांगर फिरवलेला. मी हजारो वह्या तपासल्या आहेत.

हिची दहावी खेप पहिलीइतकीच जपून लिहिलेली आहे. प्रत्येक धड्याची. पेन्सिल इतकी दाबलेली की पान उलटं करून बोट फिरवलं तर अक्षरं हाताला लागतात. आणि तरीही दहाही खेपांत चुका, आणि प्रत्येक खेपेला वेगळ्या जागी. आळशी मूल वरचं बघून खाली उतरवतं, चुकाही त्याच उतरवतं. ही दर वेळी पुस्तकात बघून नव्यानं लिहीत होती, नव्यानं चुकत होती. मला वाटतं एकेका धड्याला तिला तीन तास लागत असतील. मी तिला अर्धा तास देत होतो आणि राहिलेलं जेवणानंतर पुरं करायला लावत होतो.

खाली माझी लाल शाई. 'लक्ष नाही.' 'हलगर्जी.' 'लक्ष नाही.' नऊ वह्यांत हेच दोन शेरे, तारीख तेवढी बदललेली. एकवीस वर्षं शिकवणाऱ्या मास्तराला तिसरा शब्द सुचला नाही.

वह्या मुंबईला पाठवल्या नाहीत. त्या कपाटात ठेवल्या आहेत आणि कपाटाला कुलूप आहे.

स्टँडवरचा चहावाला बाबाजी परवा मला चारचौघांत नको ते बोलला. काय बोलला ते लिहीत नाही. लोकांना दुसऱ्याच्या घरात नाक खुपसायची सवयच असते. तुझ्यापर्यंत काही आलं तर मला आधी विचार.

महिपती


रोहा, दि. २८ मे १९९५

शांती,

तू विचारलंस, बाबाजी काय म्हणाला. कुणाकडून तरी तुला कळणारच, तर माझ्याकडून कळू दे.

मी त्याच्या टपरीवर बसून मुख्याध्यापकांना शिव्या घालत होतो. लेखी द्या म्हणे, पळून गेलेल्या पोरीचं मी काय लेखी देऊ? बाबाजी गाळणी झटकत म्हणाला, "गुरजी, पलून कुटं गेली? तुमीच तं घेऊन आलंव तिला. ती गाडीत चढली तवा तुमी हितंच उभं व्हतंव."

मी चहा टाकून निघून आलो. तेव्हापासून त्या रस्त्यानं गेलो नाही.

नम्रता मला न सांगता गेली नव्हती. मीच तिला स्टँडवर नेलं. एकदा वाचून कदाचित तुझा विश्वास बसणार नाही, म्हणून पुन्हा लिहितो. मी नेलं.

शनिवारी ती घरी यायला निघायची तेव्हा मी किंवा ऋतुजा सोबत जायचो. गाडी लागली की ती कंडक्टरला विचारायची, "काका, पेनला जाते ना?" समोर पाटी असताना विचारते याचा मला संताप यायचा. आठवीतली मुलगी, माझी भाची, आणि अडाण्यासारखी विचारत सुटते. त्या दिवशी मी तिला सांगितलं, आज कुणाला विचारायचं नाही. कंडक्टरशी, कुणाशीही एक शब्द बोलायचा नाही. पाटी वाचायची आणि बसायचं. बोललीस असं कळलं तर पुढचा महिनाभर घर विसर. तिच्या हातात तिकिटाचे पैसे दिले, मी चाललो असं म्हटलं आणि टपरीशेजारच्या खांबाआड जाऊन उभा राहिलो.

मला खात्री होती की ती वाचेल. वेळ आली की सगळे वाचतात, हेच मी आयुष्यभर सांगत आलोय.

तीन गाड्या लागल्या होत्या. ती एकेका गाडीसमोर जाऊन उभी राहायची. ओठ हलताना दिसायचे. लोक धक्के मारून पुढे जात होते, कुणाची टोपली तिच्या खांद्याला लागली. पाटीवरचं पहिलं अक्षर जुळवून होईतो पेणची गाडी हलली, ती तिच्यामागे दोन पावलं धावली आणि थांबली. मग तिनं इकडेतिकडे बघितलं, आणि मुरूडच्या गाडीत चढली. खिडकीत बसली. पिशवी मांडीवर घेतली.

गाडी सुटायला पाच-सात मिनिटं होती. मला तिथून वीस पावलं. मी गेलो नाही.

शांती, मी विसरलो नव्हतो, गोंधळलो नव्हतो. मला बरं वाटत होतं. सापडली म्हटलं. आता वाटेत कळेल, रडेल, कुठेतरी उतरून परत येईल, आणि मग जन्मात पाटी वाचल्याशिवाय गाडीत चढणार नाही. याला मी शिकवणं समजत होतो. गाडी गेली आणि मी घरी जाऊन जेवलो. संध्याकाळी तुमच्याकडून शाळेच्या फोनवर विचारणा झाली, पोर अजून कशी आली नाही, तेव्हा मी म्हणालो, मला न सांगता गेली. एकदा म्हटल्यावर ते मागे घेता येईना. मग तेच दाखल्यावर लिहिलं. ती मुक्यासारखी बसली म्हणून तुला पहिल्या पत्रात मी तिची लबाडी सांगितली. मीच तिला मुकी केली होती.

तिनं मला बघितलं नसणार, मी खांबाआड होतो. म्हणून ती काही बोलत नसेल; आपल्या मामानं आपल्याला तसंच जाऊ दिलं, हे तिला माहीतच नाही. तिला तू सांग. मला तोंड नाही.

उद्या मुख्याध्यापकांना लेखी देतो. केरूरावांना म्हणावं, दारात येऊन जे बोललात ते कमी होतं.

महिपती


रोहा, दि. १२ जून १९९५

शांती,

सोबत नवा दाखला आहे. शिक्का बघून घे, आणि पत्र मिळताच पेणला जा, प्रवेश शुक्रवारपर्यंतच आहेत. शेरा असा आहे: 'अभ्यासू. स्मरणशक्ती उत्तम. वाचन-लेखनास अधिक वेळ लागतो, तो द्यावा. वर्तणूक चांगली.' डॉक्टरीणबाईंची चिठ्ठीही सोबत जोड. शाळेनं पुन्हा कां-कू केली तर मला तार कर, मी येऊन त्यांच्या दारात ओरडतो. दारात उभं राहून कसं ओरडायचं ते मला आता माहीत आहे.

हा दाखला सुखासुखी मिळाला नाही. मुख्याध्यापक माझं लेखी वाचून हसले. म्हणाले, "सर, एवढं कशाला? 'गैरसमजातून शेरा दिला गेला' एवढं लिहा, भागेल. शाळेचं नाव आहे, तुमचं नाव आहे." म्हणजे चौदा वर्षांच्या मुलीचं नाव घालवताना कुणाला काही वाटलं नाही, आणि माझं सांभाळायला सगळे पुढे. मी त्यांना म्हटलं, दिलंय ते तसंच फाइलला लावा. लावलं. माझं वर्गशिक्षकपद काढून घेतलंय, ते ठीकच झालं. भिंतीवरचा तक्ता मी जनू शिपायाकडून उतरवून घेतला. तोही म्हणाला, "सर, ह्यो तं चांगला व्हता." चांगला होता. ज्यांना जमत होतं त्यांच्यासाठी चांगला होता, आणि त्यांना त्याची गरज नव्हती.

ऋतुजा बोलायला लागली आहे. नम्रतासाठी ती धडे मोठ्यानं वाचून टेपरेकॉर्डरवर भरते आहे. पहिल्या दोन कॅसेट या पाकिटात मावत नाहीत, वेगळ्या पाठवतो.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू मला चार पानं बोललीस, त्यातलं एक अक्षर मी परतवणार नाही. पण शेवटच्या पानावरच्या दोन ओळी मी आठ दिवस खिशात घेऊन फिरतोय. काहीही वाचायला घेतलं की त्याच समोर येतात. त्या मी इथे पुन्हा उतरवतो, म्हणजे तुला कळेल की मी नीट वाचल्या.

तू नम्रताला विचारलंस, तुला पाटी वाचता आली नव्हती, तर त्या गाडीत बसलीस कशी?

ती म्हणाली, "मामा खांबामागं उभं व्हतं ना. गाडी चुकीची आसती तं त्यांनी मना उतरवली आसती."

महिपती